गरोदरपणातली शुगर : ज्यांना झाली त्यांनी लिहा

माझ्या नणंदेची ग्लुकोजची टेस्ट परवा पॉझिटिव्ह आली आणि तेव्हापासून एकच चाललंय, मी गोड खाल्लं म्हणून झालं. डॉक्टरांनी सांगून पटत नाहीये, ज्यांनी भोगलंय त्यांचं ऐकेल. डाएट चार्ट नकोत, ते ढिगाने मिळतात. रोजचं काय व्हायचं ते लिहा.

—

सांग तिला, मी गोडाला हात लावत नाही, वजनही बेताचंच, तरी झालं! वारेतून जी हार्मोन्स येतात त्यांच्यामुळे आपलं इन्शुलिन नीट चालत नाही, बाळाला साखर मिळत राहावी म्हणून शरीराचीच सोय आहे ती, मग ज्यांचं स्वादुपिंड जास्तीचं इन्शुलिन बनवतं त्यांना कळतही नाही आणि आपलं कमी पडतं. घरात जो जो टोमणा मारेल त्याला हेच ऐकवायचं.

—

माझं उपाशीपोटीचं ९४ आलं, बाकी दोन्ही आकडे नॉर्मल. म्हटलं ९४ तर छानच की! पण डॉक्टर म्हणाल्या, ७५ ग्रॅमच्या टेस्टला उपाशीपोटी ९२, तासाने १८०, दोन तासांनी १५३, यातलं एक जरी गाठलं तरी शुगर धरायची. ते गोड पाणी रिकाम्या पोटी घशाखाली उतरत नाही हा वेगळाच छळ, उलटी झाली की पुन्हा पहिल्यापासून.

—

मला फास्टिंगने रडवलं. जेवणानंतर तासाने १४० च्या आत, चालून आले की अजून खाली, आणि सकाळी उठल्या उठल्या १०२, १०४. रात्री कमी खाऊन बघितलं, झोपताना थोडं प्रोटीन खाऊन बघितलं, ढिम्म फरक नाही. रात्रभर लिव्हर साखर सोडत असतं, त्याला आपण काय करणार? शेवटी रात्रीचं इन्शुलिन सुरू झालं. पोटात सुई म्हटल्यावर बाळाला टोचेल हीच भीती, पण सुई इतकीशी असते की कातडीखालच्या चरबीतच राहते आणि ते इन्शुलिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही. खरं सांगू, सुईपेक्षा बोटं टोचणं जास्त दुखतं. मधोमध नको, कडेला टोचा. फळ सोलल्यावर हात न धुता मोजलं तर भलताच आकडा येतो, हेही लक्षात ठेवा.

—

आकड्यांपेक्षा मला घरच्यांचा वैताग आला होता. घास संपला की "किती आलं?", जसा काही दहावीचा निकाल. नवऱ्याने शेवटी वही लपवून ठेवली, डॉक्टर सोडून कोणाला दाखवायची नाही म्हणाला.

—

बाळाचं कोणीच लिहिलं नाही अजून. जन्मल्यावर त्याच्या टाचेला टोचून शुगर बघतात, सारखी सारखी. मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं त्यामुळे धसकाच बसला. पोटात असताना आईकडून साखर जास्त येते म्हणून बाळ स्वतःचं इन्शुलिन जास्त बनवत असतं, नाळ कापली की साखर थांबते पण इन्शुलिन लगेच थांबत नाही, म्हणून त्याची शुगर उतरते. लगेच अंगावर पाजलं तरी पहिलं रीडिंग कमीच आलं, मग गालाच्या आतून ग्लुकोजची जेल चोळली. दुसऱ्या दिवशी सगळं ठीक.

—

आणि बाळंतपणानंतरची टेस्ट बुडवू नका गं बायांनो. साधारण ६ ते १२ आठवड्यांनी तेच ७५ ग्रॅमचं पाणी परत प्यायचं असतं, पण तेव्हा झोपेचं खोबरं झालेलं असतं आणि सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. बहुतेकींची नॉर्मल येते, माझी प्रीडायबेटिसमध्ये आली. आता ठरावीक काळाने तपासत राहते, पुढे टाइप २ व्हायचा धोका असतोच.

—

सगळ्यांना थँक्यू. नणंद वाचतेय, रडणं थांबलंय, आता शंका सुरू झाल्यात. विचारतेय, ऑफिसच्या मीटिंगमध्ये तासाचं रीडिंग हुकलं तर दोन तासांनी घेतलेलं चालेल का?

—

माझ्या डॉक्टरांनी चालवून घेतलं होतं, तिने तिच्या डॉक्टरांना एकदा विचारावं. फक्त मग १४० नाही, १२० च्या आत हवं. आणि वहीत "दोन तास" असं लिहून ठेव म्हणावं, नाहीतर ते तासाचं समजून बघतील.