शब्दचर्चा : ‘कोडे’, ‘उखाणा’, ‘गणित’ आणि एका ‘खेपे’चा वाद

विचारणा (सांगली)

आम्ही सहा-सात जण दर रविवारी सकाळी विश्रामबागेत एका घरी जमतो आणि गणिताची व तर्काची कोडी मिळून सोडवतो. परीक्षा नाही, गुण नाहीत, आणि उत्तर आधी सापडलेल्याने ते फोडायचे नाही, एवढाच नियम आहे. गेल्या रविवारी मात्र आमचा वाद गणितावरून न होता मराठीवरून झाला. नदी ओलांडण्याचे सर्वपरिचित कोडे आम्ही आपल्या सोयीने औदुंबरच्या काठावर आणले होते. नावाड्याला वाघ, शेळी आणि गवताचा भारा कृष्णेपलीकडे न्यायचा आहे. नावेत त्याच्यासोबत एकच मावते. आणि तो जवळ नसला, तर वाघ शेळीला सोडत नाही व शेळी गवताला. तर कमीत कमी किती खेपा होतील? काहींचे उत्तर सात आले, काहींचे चार. कागद पडताळून पाहिले, तेव्हा प्रत्येकाने नाव अगदी त्याच क्रमाने चालवली होती. म्हणून दोन प्रश्न विचारतो. ‘खेप’ नेमकी कशाला म्हणावी? आणि अशा प्रश्नाला कोडे म्हणावे, गणित म्हणावे, उखाणा म्हणावे की कूटप्रश्न?

उत्तर (वाई)

‘खेप’ हा शब्द संस्कृत ‘क्षेप’ याच्याशी जोडला जातो, परंतु वापरात त्याचा अर्थ ओझ्याला चिकटलेला आहे. विहिरीवरून पाण्याच्या चार खेपा केल्या असे म्हणणारी बाई रिकामी घागर घेऊन जाण्याची वाट वेगळी मोजत नाही, आणि गळिताच्या हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवणारा ‘आज तीन खेपा झाल्या’ म्हणतो, तेव्हा रिकाम्या ट्रॉलीने परतणे त्यातच धरलेले असते. या हिशेबाने जाऊन-येऊन एक खेप होते आणि आपल्या नावाड्याच्या चार होतात, फक्त चौथ्या वेळी तो परत येत नाही, म्हणून नेमके मोजायचे तर साडेतीन. आमच्या आजोबांच्या पिढीने ‘औट खेपा’ म्हटले असते, कारण त्यांना औटकी पाठ होती आणि साडेतीनसाठी स्वतंत्र शब्द असताना ‘साडे’ लावण्याचे कारण त्यांना नव्हते.

परंतु आपल्या मंडळींच्या नजरेतून तिसरे उत्तर सुटले आहे. खेप म्हणजे भरलेली फेरी असा कडक अर्थ घेतला, तर शेळी पलीकडे, मग वाघ पलीकडे, मग शेळी परत अलीकडे, मग गवत पलीकडे आणि शेवटी पुन्हा शेळी पलीकडे, अशा पाच वेळा नाव भरलेली होती. शेळीला परत आणणे हेच या कोड्याचे मर्म आहे, आणि ‘परतीची वाट रिकामीच असते’ ही खेपेतली सवय नेमकी तेच मर्म झाकून टाकते. सात, पाच, चार आणि औट, ही चारही उत्तरे एकाच शब्दाने दिलेली आहेत. माझ्या मते ‘नदी किती वेळा ओलांडावी लागेल?’ असे विचारावे. त्याचे उत्तर सातच.

उत्तर (जत)

आमच्या तालुक्यात कित्येक घरांत कन्नड व मराठी एकाच चुलीपाशी बोलल्या जातात. तिथे आजी नातवंडांना घालते तो ‘ओगटू’, आणि मराठीत सांगताना तीच आजी त्याला ‘कोडं’ म्हणते. कोकणी माणूस त्यालाच ‘हुमाण’ म्हणेल. परंतु ओगटू असो की हुमाण, त्यात उत्तर उपमेच्या आड लपवलेले असते आणि ते ओळखायचे असते. त्यासाठी कागद-पेन्सिल लागत नाही, आणि उत्तर ऐकल्यावर ‘हो, खरेच की’ असे वाटले म्हणजे काम झाले. नावाड्याच्या प्रश्नाला ‘ओळखा पाहू’ म्हणता येत नाही. तेथे प्रत्येक पायरी दाखवावी लागते, आणि सातपेक्षा कमी वेळांत का जमत नाही हेही पटवून द्यावे लागते. दोहोंना एकच शब्द पुरतो, ही सोय आहे की अडचण, याचा निर्णय मला करता येत नाही.

उत्तर (वाई)

अडचण फार जुनी नाही, कारण पूर्वी वाटणी होती. ‘उखाणा’ म्हणजे मुळात कोडेच. गुजरातीत ‘उखाणुं’ आजही त्याच अर्थाने चालतो. आपल्याकडे पतीचे नाव थेट न घेता यमकात गुंफण्याच्या प्रथेने हा शब्द जवळजवळ पूर्ण व्यापला. क्रियापदात मात्र जुना भेद शिल्लक आहे. नाव घेण्याचा उखाणा ‘घेतात’, तर ओळखण्याचा उखाणा ‘घालतात’, आणि कोडेही ‘घालतात’.

हीच कसोटी गणिताला लावून पाहावी. शिक्षक गणित घालतात, ते सुटते, इथवर कोडे व गणित बरोबर चालतात. पुढे मात्र गणित चुकते आणि कोडे चुकत नाही. चुकले तर त्याचे उत्तर चुकते. कोडे आपल्याला पडते, गणित कोणाला पडल्याचे ऐकिवात नाही. कारण, मला वाटते, असे असावे की गणितात रीत आधी शिकवलेली असते व ती पाळताना चूक होऊ शकते, तर कोड्यात रीतच सापडायची असते. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘लीलावती’त भुंग्यांच्या थव्याचा एक पाचवा भाग कदंबावर, एक तृतीयांश शिलींध्रावर आणि या दोन भागांतील अंतराच्या तिप्पट कुटजावर जातो व एक भुंगा हवेत घुटमळत राहतो. रीत शिकलेल्याला हे गणित आहे. आपल्या रविवारच्या बैठकीत ज्याने अपूर्णांक कित्येक वर्षांत हाताळले नाहीत, त्याला ते कोडेच पडेल. (भुंगे 15. येथे फोडल्याबद्दल क्षमस्व.)

‘कूटप्रश्न’ मात्र मला जड वाटतो. ‘कूट’मध्ये कपटाचा वास आहे, आणि व्यासांनी गणेशाची लेखणी अडावी म्हणून घातलेले कूटश्लोक आठवतात; मौजेने घातलेल्या प्रश्नात अडवणूक असली तरी कपट नसते. अनिश्चित, म्हणजे एकाहून अधिक उत्तरे असू शकणाऱ्या, समीकरणांची ‘कुट्टक’ रीत याच शब्दाची आहे असे काही जण समजतात, पण तिचा संबंध कुटण्याशी, म्हणजे संख्या कुटून बारीक करण्याशी आहे.

उत्तर (कराड)

मौजेचाच विषय निघाला आहे, तर देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा शब्द घ्यावा. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, त्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. 6174 हा त्यांचा स्थिरांक तर प्रसिद्धच आहे. चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढता क्रम वजा करावा, आणि हेच करत राहिल्यास जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 येते. त्यांचे जन्मवर्ष 1905 घेऊन पाहिले, तर 9351, 8172, 7443, 3996, 6264, 4176 आणि 6174, अशा पूर्ण सात पायऱ्या लागतात. शिवाय 1905 च्या अंकांची बेरीज 15 आहे व 15 गुणिले 127 म्हणजे 1905, म्हणजे ते वर्ष हर्षदही आहे. हे आम्ही चौघांनी चहा होईपर्यंत पाटीवर करून पाहिले.

आणखी एक शंका आहे. हल्ली ‘तार्किक कोडी’ असे छापलेले दिसते, त्यावरून इतर कोडी अतार्किक असतात असे वाटते. शब्दकोडे, चित्रकोडे यांच्या धर्तीवर ‘तर्ककोडे’ चालावे का?

विचारणाऱ्याकडून (सांगली)

सर्वांचे आभार. ‘तर्ककोडे’ सुटसुटीत आहे, परंतु बोलीत ‘तर्क केला’ म्हणजे अंदाज बांधला, आणि आमच्याकडे अंदाजाने उत्तर देणाऱ्याला पुढच्या रविवारी भडंग आणावे लागते, म्हणून तो शब्द छापील वापरापुरता ठेवून बैठकीत नुसते ‘कोडे’च म्हणू. एक अडचण तरीही उरली. ‘कोडी’ म्हणजे विसाचा गट असाही जुना अर्थ आहे, हे आमच्यातील एका कापडव्यापाऱ्यांनी लक्षात आणून दिले. त्यामुळे ‘पुढच्या वेळी पाच कोडी आणा’ असे मी सांगितल्यावर त्यांनी, शंभर आणायची का, असे विचारले आहे.