वापरलेली एसयूव्ही आणि तिचे मायलेज : आपापले अनुभव लिहावेत

सेकंडहँड एसयूव्ही घेतल्यावर दोन-तीन टाक्या संपतात न संपतात तोच एक प्रश्न उभा राहतो : आधीच्या मालकाने सांगितलेले ॲव्हरेज आणि प्रत्यक्षात पडणारे ॲव्हरेज यांत एवढे अंतर का? माझ्या मते याचे उत्तर इंधन वाचवण्याच्या युक्त्यांमध्ये शोधण्याआधी गाडीतच शोधायला हवे, आणि हा धागा काढण्याचे कारणही तेच आहे. आठ-दहा वर्षे चाललेल्या गाडीत काहीतरी अडकलेले, झिजलेले, गळणारे किंवा कुणीतरी हौसेने बदललेले असते. ते मूळ स्थितीला आणले की गेलेल्या मायलेजचा बराच भाग परत मिळतो. माहितीपत्रकातला आकडा, ज्याला आपण सरसकट एआरएआयचा (वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेचा) आकडा म्हणतो, तो चाचणीकेंद्रात गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या वेगचक्रानुसार काढलेला असतो. त्याच्याशी तुलना करत बसण्यापेक्षा आपल्याच रस्त्यावर आपल्याच गाडीचा आकडा सुधारला का, हे पाहणे जास्त उपयोगाचे आहे.

या खटाटोपाने कितीसा फरक पडणार, असे वाटणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा. लिटरला १६ किलोमीटर देणारी छोटी गाडी १८ देऊ लागली, तर १०० किलोमीटरमागे जेमतेम ०.७ लिटर वाचते. लिटरला ८ देणारी एसयूव्ही १० देऊ लागली, तर त्याच १०० किलोमीटरमागे अडीच लिटर वाचतात. सुधारणा दोन्हीकडे दोनच किलोमीटरची असली, तरी जड गाडीत वाचणारे इंधन साडेतीन पट आहे.

लिहिताना गाडी कोणती, कोणत्या रस्त्यावर चालते आणि मायलेज कसे मोजले, हे जरूर लिहावे. डॅशबोर्डवरच्या आकड्यापेक्षा टाकी फुल ते टाकी फुल हा हिशेब बरा. त्यातही एकाच पंपावर आणि पहिल्या ऑटो-कटलाच थांबून भरलेले इंधन धरावे. एका वेळी एकच बदल केला असेल, तर तो अनुभव सर्वांत मोलाचा.

कराड, सात आसनी डिझेल, २०१३

माझी गाडी आधीच्या मालकाकडे अख्खा पावसाळा उघड्यावर उभी होती. घेतली तेव्हा साताऱ्याच्या सरळ हायवेलाही लिटरला ९ च्या वर जात नव्हती. गॅरेजमधून इंजेक्टर साफ करण्याचा, फिल्टर बदलण्याचा आणि टाकीत कसलेसे औषध टाकण्याचा सल्ला मिळाला. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. हलक्या उतारावर न्यूट्रल करून ब्रेक सोडला, तरी गाडी स्वतःहून पुढे सरकायला तयार होत नसे.

त्यामुळे एकदा हायवेला शक्य तितका कमी ब्रेक वापरत गाडी चालवली आणि थांबल्यावर चारही चाकांच्या रिमचे तापमान लांबून मोजणाऱ्या थर्मामीटरने पाहिले. (हात लावून पाहू नये, अडकलेल्या ब्रेकची डिस्क चांगलीच भाजते.) पुढचे डावे चाक इतर चाकांपेक्षा कितीतरी जास्त तापले होते. जॅकवर उचलून ते हाताने फिरवले, तर अर्ध्या फेऱ्यातच थांबत होते. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो, त्या पिनांचे रबर फाटून आत पाणी गेले होते आणि पिना गंजून बसल्या होत्या, म्हणजे पाय काढला तरी पॅड डिस्कला घासतच राहत होते. पिना साफ करून ब्रेकसाठीचे उष्णता सोसणारे ग्रीस लावले, रबरे आणि पॅड नवे घातले. मागे हँडब्रेकची केबलही जास्त ओढलेली निघाली, ती सैल केली. इंजिनाला हातही न लावता त्याच रस्त्यावर गाडी १२ च्या पुढे गेली. अडकलेला ब्रेक केवळ डिझेल खात नाही. घाटात तो तापून नेमक्या गरजेच्या वेळी दगा देऊ शकतो. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी सर्वांत आधी करावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

नाशिक, डस्टर डिझेल, २०१४

माझा अनुभव छोटा आहे. मूळ टायर २१५/६५ आर १६ मापाचे होते, आधीच्या मालकाने रुबाबासाठी २२५/७० आर १६ घातले होते. मोठ्या टायरचा घेर सुमारे पाच टक्के जास्त असतो, म्हणजे गाडी १०५ किलोमीटर गेली तरी ओडोमीटर १०० च दाखवतो. माझ्या ‘कमी’ मायलेजचा निम्मा भाग हा असा कागदावरचा होता. उरलेला निम्मा भाग खरा होता, कारण जड टायर फिरवायला ताकद जास्त लागते आणि सगळे गिअर लांब होतात. टायर झिजल्यावर मूळ मापावर आलो. ज्यांना मोठे टायर ठेवायचेच असतील, त्यांनी निदान हिशेब करताना किलोमीटर वाढवून धरावेत.

छत्रपती संभाजीनगर, स्कॉर्पिओ

समृद्धी महामार्गावरून नागपूरला माझे नेहमीचे जाणे-येणे असते. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे आणि रस्ता इतका मोकळा की काटा आपोआप तिथे जाऊन टेकतो. मात्र हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ९० च्या जागी १२० ने जाताना दर किलोमीटरला हवा कापायला पाऊणपटीहून अधिक जादा काम पडते. उंच आणि चौकोनी तोंडाच्या गाडीला हे सेडानपेक्षा जास्त जाणवते. माझी गाडी १२० ला जेमतेम ११ देते आणि ९०-९५ ला डावी लेन धरून चालवली की १४ च्या आसपास. टपावरचा रिकामा कॅरिअरही मी काढून ठेवला. चारचौघांचे सामान डिकीत मावते, मग वारा अडवायला तो वर कशाला? टायरच्या दृष्टीनेही, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हात, ९०-९५ चा वेग सुरक्षित वाटतो.

बेळगाव, डिझेल, २०११

तापमानाचा काटा पाव भागाच्या वर कधी जातच नाही, ही गोष्ट विकणाऱ्याने गुण म्हणून सांगितली होती. स्कॅनर मोबाइलला जोडून पाहिले तर लांबच्या प्रवासातही कूलंट ६५-७० अंशांवरच. उघडल्यावर कळले की पूर्वीच्या एका मेकॅनिकने ‘गाडी गरम होऊ नये’ म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढूनच टाकला होता. हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो आणि तो थांबायला हवा. इंजिन थंड असले की कॉम्प्युटर ते अजून तापायचे आहे असे समजून त्याप्रमाणे इंधन देत राहतो, ऑइल घट्ट राहते आणि घर्षण वाढते. नवा थर्मोस्टॅट बसवला, ऑइल माहितीपुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचेच घातले (आत अधिक जाड ऑइल होते), तेव्हा शहरातल्या चालीत दीड किलोमीटरचा फरक पडला. ज्यांची गाडी खरोखर तापते, त्यांनी रेडिएटर, पंखा आणि वॉटर पंप दुरुस्त करावा.

धागाकर्ता : बेळगावकरांचा अनुभव फार महत्त्वाचा आहे. दीड किलोमीटरपैकी थर्मोस्टॅटचा वाटा किती आणि ऑइलचा किती, हे वेगळे करता आले तर लिहावे.

बेळगाव : आधी थर्मोस्टॅट बदलला आणि ऑइल पुढच्या सर्व्हिसिंगला. मोठा फरक पहिल्या बदलानेच पडला. दुसऱ्याने थंडीतले स्टार्टिंग सुधारले, मायलेज थोडेसेच.

ठाणे, बीएस-६ डिझेल

घर ते शाळा, शाळा ते स्टेशन, एवढीच माझी रोजची धाव. गाडी हळूहळू लिटरला १० वर आली, थांबवल्यावरही पंखा जोरात फिरत राही आणि करपल्याचा वास येई. बीएस-६ या प्रदूषण-नियमांच्या डिझेल गाड्यांमध्ये डीपीएफ हा काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरत आला की गाडी जादा डिझेल देऊन एक्झॉस्ट तापवते आणि साठलेली काजळी जाळते. हे काम अर्ध्यात असताना आपण इंजिन बंद केले, तर तेवढे डिझेल वाया जाते, पुढच्या वेळी सगळे पुन्हा सुरू होते आणि न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरून डिपस्टिकवरची पातळी वर सरकते. आता आयडलिंगचे आरपीएम नेहमीपेक्षा वर दिसले की मी घरी न वळता नाशिक हायवेला लागतो आणि एक गिअर खाली ठेवून वीसेक मिनिटे सलग वेगाने चालवतो. त्यामुळे मायलेज सुधारले, ऑइलही टिकते. डीपीएफ काढून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचे ऐकू नये. ते बेकायदेशीर आहे आणि त्या धुरात आपलीच मुले श्वास घेतात. ज्यांचे फिरणे फक्त शहरातले आहे, त्यांनी जुनी घेतानाच पेट्रोल पाहावी.

सातारा, जिप्सी

जिप्सीकडून मायलेजची अपेक्षा कुणी करत नाही, तरी एक गोष्ट सांगतो. पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायचे हब असतात. ते ‘लॉक’वर राहिले, तर टू-व्हील ड्राइव्हमध्येही पुढचे ॲक्सल, डिफरन्शियल आणि प्रॉपेलर शाफ्ट विनाकारण फिरत राहतात. डांबरी रस्त्याला ते ‘फ्री’वर ठेवावेत. फरक अर्ध्या किलोमीटरहून कमी पडला, पण घरघर थांबली.

सांगली, पेट्रोल, २०१५

गाडीत काहीही न बिघडता मायलेज थोडे कमी झालेल्यांनी इंधनाचा हिशेबही करावा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या जवळपास दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे पेट्रोलमधले इथेनॉलचे मिश्रण दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आल्यावर ऊर्जा सुमारे साडेतीन टक्के कमी होते. १२ देणारी गाडी साडेअकराच्या थोडी वर देईल. एवढी घट मी धरूनच चालतो. आमच्या भागातल्या उसाला त्यातून मागणी येते, हेही मला महत्त्वाचे वाटते. घट याहून मोठी असेल, तर दोष गाडीत शोधावा. माझ्या बाबतीत तो ऑक्सिजन सेन्सरमध्ये निघाला. जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र याच निमित्ताने तपासून घ्याव्यात.

न्यू जर्सी, सहा सिलिंडरची पेट्रोल एसयूव्ही

इथे हिवाळ्यात मायलेज पडते ते हवामानामुळे. उणे सात अंशांना शहरातल्या चालीत पंचवीस अंशांच्या तुलनेत साधारण पंधरा टक्के घट होते, असे इथले सरकारी संकेतस्थळच सांगते. टायरची हवाही तापमान साडेपाच अंशांनी उतरले की सुमारे एक पीएसआयने कमी होते, हे फार जण विसरतात. मी घरातून रिमोटने इंजिन दहा मिनिटे चालू ठेवण्याऐवजी अर्ध्या मिनिटात निघतो आणि सुरुवातीला हलक्या पायाने चालवतो. छोटी कामे एकाच फेरीत उरकतो, म्हणजे तापलेल्या इंजिनाचा फायदा मिळतो.

रत्नागिरी, बोलेरो

आंबा घाट उतरताना न्यूट्रल केले की डिझेल वाचते, हा समज कोकणात अजून घट्ट आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, तर उतारावर इंजिनाला चाकेच फिरवतात आणि इंधनाचा पुरवठा तोडला जातो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. वर सारा भार ब्रेकवर येतो. तिसरा गिअर, प्रसंगी दुसरा, आणि मोजका ब्रेक, एवढेच करावे.

अहिल्यानगर, स्वतःचे गॅरेज

वरचे सगळे वाचले. जुन्या टर्बो डिझेलबद्दल एक भर घालतो. टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) इंटरकूलरपर्यंत (ती हवा थंड करणारा भाग) जाणारा रबरी होज वयानुसार चिरतो. ही चीर गाडी उभी असताना मिटलेली असते आणि चढावर दाब आला की उघडते, त्यामुळे नुसते बघून सापडत नाही. होजभोवती ऑइलचा ओलसर थर, चढावर काळा धूर, पिकअप कमी आणि बारीक शिट्टीसारखा आवाज, ही तिची लक्षणे. हवा वाटेत निसटते, डिझेल पूर्ण जळत नाही आणि चालक जास्त ॲक्सिलरेटर देत राहतो. अशी गाडी आली की अनेक ठिकाणी आधी इंजेक्टर उतरवले जातात, आणि तो खर्च मोठा असतो. माझ्याकडे मी आधी चाके मोकळी फिरतात का पाहतो, मग दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे थंड टायरमध्ये हवा, अलाइनमेंट, कूलंटचे तापमान, एअर फिल्टर आणि होज. एवढे होऊनही फरक पडला नाही, तरच इंजेक्टरची रिटर्न चाचणी (इंजेक्टरमधून किती डिझेल परत जाते ते मोजणे). स्कॅनरच्या सॉकेटमध्ये लावायची ‘इंधन बचत’ यंत्रे ग्राहकांनी आणून दिली म्हणून उघडून पाहिली आहेत. आत दिवा लुकलुकवणाऱ्या सर्किटपलीकडे काही आढळले नाही. तो पैसा ब्रेकच्या पिनांची रबरे आणि नव्या होजवर खर्च करावा, आणि काढलेला जुना भाग मेकॅनिककडून मागून घ्यावा.