मदत हवी आहे: नऊ महिने पाळक (पास्टर) नाहीत, मंडळीला काय सांगू?

सर्वांना सलाम. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका गावात आमचं सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) चर्च आहे, साठेक घरांची मंडळी असेल. मी पास्टरेट कमिटीचा, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीचा सेक्रेटरी, पोटापाण्याला शाळेत शिक्षक. आमच्या पाळकांची बदली होऊन नऊ महिने झाले, नवीन कोणी आलेलं नाही. रविवारची उपासना आम्ही कमिटीतले लोक आळीपाळीने चालवतो, पण प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) द्यायला दीक्षित पाळकच लागतात, ते दुसऱ्या गावाहून महिन्यातून एकदा येतात. मागे एका आजोबांच्या दफनाला त्यांना यायला तीन तास लागले, कबर खणून तयार, माणसं उन्हात उभी आणि आजोबांचा मुलगा काही न बोलता सारखा रस्त्याकडे बघतोय. ते काही डोळ्यासमोरून जात नाही.

उपासना सुटली की दारात एकच प्रश्न, नवीन पाळक कधी येणार. मी बिशपांच्या ऑफिसला फोन करतो, तिकडून सांगतात पुढच्या महिन्यात, मी तेच मंडळीला सांगतो. असं तीनदा झालं. चौथ्यांदा लोकांनी विचारलंच नाही आणि मला जास्त भीती त्याचीच वाटतेय.

त्यात सात-आठ कुटुंबं शहरातल्या फेलोशिपला (दुसऱ्या एका प्रार्थनासभेला) जायला लागलीत, तिथे गिटार आहे, हिंदी कोरस आहेत, पोरांना आवडतं. त्यांच्यासाठी म्हणून एका रविवारी प्रोजेक्टर लावला. पहिल्या बाकावरच्या आजींनी 'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. मला वाटलं रागावल्या, भेटायला गेलो तर म्हणाल्या, बाळा, मला भिंतीवरचं दिसत नाही रे, पुस्तकातलं सगळं पाठ आहे.

बदल आपल्याला नवा नाही हे मलाही कळतं. ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांनी उपासनेत अभंग-भजनं रुजवली तेव्हा विलायती चालींची सवय असलेल्यांना तेही नवीनच होतं. आमची मंडळी मूळची अमेरिकन मराठी मिशनची, तिथे बिशप (सगळ्या पाळकांच्या वरचे धर्मगुरू) हा प्रकारच नव्हता, १९७० ला नागपूरला सहा चर्च एक होऊन सीएनआय झालं तेव्हा आमच्या घरी किती वाद झाले ते वडील सांगायचे. पण तेव्हा समजवायला पाळक तरी होते.

पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे. मलाच काही माहीत नसताना लोकांसमोर काय बोलू? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
सलाम दादा. आमच्याकडे दीड वर्ष पाळक नव्हते. आम्ही पण आधी तारखा सांगत बसलो, त्यानेच जास्त नुकसान झालं. मग बिशपांना पाठवलेलं पत्र आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं नोटीस बोर्डावर लावलं. उत्तर आलं नाही तर तेही लिहायचं. सभेची वाट बघू नका, आधी घरभेटी करा, जी कुटुंबं जायला लागलीत त्यांच्याकडे पहिल्यांदा जा आणि परत या असं अजिबात म्हणू नका, कोण आजारी आहे, कोणाची परीक्षा आहे ते विचारा आणि प्रार्थना करून या. दफनाचं मात्र आत्ताच मार्गी लावा, पाळक वेळेत पोचले नाहीत तर विधी कोणी चालवायचा याची लेखी परवानगी मागून ठेवा. आणि गाणी आजींना आणि पोरांना एकत्र बसवून निवडू द्या.

धागाकर्ता:
खूप आभार ताई. परवानगीचं सुचलंच नव्हतं, आज रात्रीच पत्र लिहितो. येत्या रविवारी उभा राहून सांगतो की तीनदा तारीख सांगितली ते चुकलं, मला माहीत नव्हतं. आजींना पण विचारलंय, शनिवारी पोरांना त्यांच्याच ओट्यावर बोलावलंय, पेटी मी घेऊन जाणार आहे.