मदत हवी आहे : महानगरातला जास्तीचा पगार खरंच जास्त आहे का, हे कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

नोकरीच्या दोन ऑफर हातात आहेत. काम जवळपास सारखंच. एक मध्यम आकाराच्या शहरात, दुसरी त्याच्या कितीतरी पट मोठ्या महानगरात. महानगरात पगार बराच जास्त आहे, पण महिनाअखेरीस हातात काय उरेल याचा हिशेब काही केल्या जुळत नाहीये.

घरभाड्याचं कळतं. बाजाराजवळची जमीन महाग का, हे जर्मन अर्थशास्त्रज्ञ फोन थ्यूनेन यांनी शेतीबद्दल 1826 मध्येच मांडलं होतं: वाहतूक वाचते, म्हणून तिला भाव येतो. शहरातही तेच. लांब राहिलं की भाडं वाचतं, पण जाण्यायेण्यात पैसा आणि वेळ जातो. म्हणून भाडं आणि प्रवास मी एकाच रकान्यात धरलेत. हे बरोबर आहे ना?

अडलंय ते पुढे. कारखान्यात बनून खोक्यातून येणाऱ्या वस्तूंची मला चिंता नाही. मोबाइल सगळीकडे साधारण त्याच किमतीला मिळतो. अमेरिकी शहरांच्या किराणा मालावर हँडबरी आणि वाइनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञांचा 2015 चा अभ्यास आहे. त्यात तोच माल, तशाच दुकानात घेतला तर मोठ्या शहरात महाग पडत नाही, उलट निवड जास्त मिळते, असं दिसलं.

पण जे काम तिथेच, माणसाच्या हातून व्हावं लागतं त्याचं काय? केस कापायला कात्री तीच, वेळही तेवढाच. तरी दुकानाचं भाडं, कारागिराचं स्वतःचं घरभाडं, त्याचा रोजचा प्रवास, सगळं दरात उतरतं. म्हणजे शहरातलं भाडं मी घरमालकाला देणार आणि वर अशा प्रत्येक बिलातून थोडं थोडं पुन्हा देणार. आमचं मूल लहान आहे, त्यामुळे पाळणाघराची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. तिथे जागाही लागते आणि माणसंही, आणि दर कमी ठेवायला एका ताईने दुप्पट मुलं सांभाळावीत असं मला मुळीच वाटत नाही.

इंटरनेटवरचे तुलनेचे आकडे सरासरी कुटुंबाचे असतात. गाडी नाही पण पाळणाघर आहे अशा घराला ते कसे लागू पडतील? स्वतःच्या खर्चाच्या प्रमाणात प्रत्येक बाबीला वजन देऊन पुन्हा मांडणी करावी असं वाटतंय. कुणी केलंय का असं?

दुसरी शंका लोकसंख्येबद्दल. टोकियो एवढं प्रचंड, तरी तिथे जमीन वापराचे मूळ नियम देशपातळीवर ठरतात आणि नवी घरं सतत बांधली जातात, त्यामुळे त्या आकाराच्या मानाने घरं बराच काळ आवाक्यात राहिली. मग शहर केवढं आहे यापेक्षा तिथे घरं किती वेगाने वाढताहेत, हे आधी बघावं का?

आणि नवऱ्याच्या नोकरीचं कसं धरायचं? महानगरात त्याच्या क्षेत्रातल्या कंपन्या भरपूर आहेत. मध्यम शहरात मोजक्याच, एक सुटली की दुसरी मिळेपर्यंत घर एका पगारावर. हा धोका रुपयांत कसा मांडायचा ते मला सुचत नाहीये आणि तो सोडून दिलेला हिशेब मला पटत नाही.

मध्यम शहरातून महानगरात गेलेल्यांनी, किंवा उलट आलेल्यांनी, कृपया एवढं सांगा: भाडं जितक्या पटीने बदललं तितक्याच पटीने पाळणाघर आणि घरकामाचे दर बदलले, की कमी? कळवायची मुदत जवळ आली आहे.