धरणांचा नद्यांवरील परिणाम: संशोधनाचा मार्ग कोणता?

प्रश्न (नीरातीर):
नमस्कार. मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. धरण कसे बांधावे हे आम्हाला शिकवले जाते; परंतु बांधल्यानंतर खालच्या नदीचे काय होते, हा अभ्यासक्रमात जवळजवळ न येणारा विषय मला पुढे अभ्यासायचा आहे, आणि तोही जगभरच्या नद्यांची तुलना करून. त्यासाठी जलविज्ञान घ्यावे की परिसंस्थाशास्त्र? परदेशी जाणे अपरिहार्य आहे का?

गाळमोजणी:
शाखा नंतर ठरवा, आधी प्रश्न ठरवा. धरण प्रवाहाचे वेळापत्रक बदलते, गाळ अडवते, पाण्याचे तापमान बदलते आणि माशांची वाट बंद करते. यांतील प्रत्येकाची मोजण्याची पद्धत वेगळी आहे. माझा विषय गाळ, म्हणून त्यातले उदाहरण देतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एल्वा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात हटवण्यात आली. त्यांच्यामागे सुमारे २ कोटी घनमीटर गाळ साठलेला होता. भूशास्त्र, मासे आणि किनारा यांचे अभ्यासक आधीपासूनच तेथे मोजमापे घेत होते, म्हणूनच गाळ सुटल्यावर पात्राचा तळ किती उंचावला, झिजत चाललेला किनारा मुखाशी कसा पुढे सरकला, हे आकड्यांनिशी सांगता आले. आपल्या पुष्कळ जुन्या धरणांबाबत बांधण्यापूर्वीच्या नदीची अशी तपशीलवार नोंद मिळत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

बंधारा_अभ्यासक:
जागतिक तुलनेबद्दल थोडे. १,००० किलोमीटरहून लांब नद्यांपैकी केवळ ३७ टक्के नद्या संपूर्ण लांबीभर मुक्त वाहतात, असे २०१९ मधील एका मोठ्या अभ्यासात आढळले. मात्र अशा नकाशांत लहान अडथळे निसटतात. युरोपातील संशोधकांनी सुमारे २,७०० किलोमीटर नदीपात्रांची प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा कुठे तेथील नद्यांवर १२ लाखांहून अधिक अडथळे असल्याचा अंदाज २०२० मध्ये मांडता आला. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्यात काढतात आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा बसवतात. वर्षातून काही महिनेच अडथळा ठरणारी ही रचना जागतिक तुलनेत कशी मोजावी, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय होईल. जीआयएस (संगणकावर नकाशे व स्थानविषयक माहिती हाताळण्याची प्रणाली) आणि संगणकीय भाषा अवश्य शिका, पण नदीकाठ पायी तुडवण्याची तयारीही ठेवा.

नीरातीर:
मनापासून आभार. बंधाऱ्यांचा प्रश्न मनात रुजला आहे. सुरुवात कोठून करावी?

जलनोंद:
नेदरलँड्समधील डेल्फ्टची आयएचई ही संस्था १९५७ पासून पाण्याचे उच्च शिक्षण देत आली आहे. आपल्याकडे रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था आणि बेंगळुरूची अट्री ही परिसंस्था व पर्यावरणावर संशोधन करणारी संस्था आहे. परदेशाचा निर्णय पीएचडीच्या वेळी घेतला तरी चालेल. आधी कृष्णा किंवा गोदावरीचे खोरे घ्या, कारण गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू यांच्या प्रवाहाच्या नोंदींवर गोपनीयतेची बंधने आहेत, तर द्वीपकल्पातील बहुतेक नद्यांच्या नोंदी इंडिया-डब्ल्यूआरआयएस या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात.