मदत हवी आहे: सोसायटीच्या नाटिकेत आजोबा व्हायचंय आणि डोक्यातून 'आबा टिपरे' जात नाहीत

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी,

धागा काढायला जरा लाजच वाटतेय, पण तालमीत रोज शोभा होतेय, त्यापेक्षा इथे झालेली परवडली.

आमची सोसायटी ठाण्यात, पाचपाखाडीला. गणपतीत पाचव्या दिवशी पंचवीस मिनिटांची नाटिका असते. यंदाची घरगुती विनोदी आहे, आमच्याच एका वहिनींनी लिहिलीय, आणि त्यातले आजोबा माझ्या गळ्यात पडलेत. कारण काय, तर केस आयते पांढरे आहेत. वय ५७. अनुभव म्हणाल तर कॉलेजात एकदा भालदार.

दिग्दर्शन तिसऱ्या मजल्यावरची मुलगी करतेय, इंजिनिअरिंगला आहे. परवा तिने मला मध्येच थांबवलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "काका, तुम्ही म्हातारे नाही वाटत. आजारी वाटताय." वर मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. बरोबर आहे तिचं. एंट्रीपासून एक्झिटपर्यंत मी कमरेत वाकलेला, आवाज घोगरा आणि उजवा हात थरथरतोय. मध्ये एकदा थरथरायचं विसरलोय आणि आठवल्यावर पुन्हा सुरू केलंय, तेही दिसतंय.

म्हणून रात्री टिपरे पुन्हा बघायला घेतलं. बघता बघता हिशोब केला. दिलीप प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा, 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली २००१ मध्ये. म्हणजे आबा झाले तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. माझ्याच वयाचे! हे बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "बरं, मग?" आणि कूस बदलून झोपली.

अडचण अशी की पाच-सहा भाग बघूनही मला काही पकडता येत नाही. माणूस काही 'करताना' दिसतच नाही आणि तरी आबा आपल्या घरातले आजोबा वाटतात. हे काय असतं? बारा दिवसांत माझ्यासारख्याला त्यातलं किती जमेल? आणि वहिनी म्हणतात की सरळ आबाच कर, लोक ओळखतील, टाळ्या देतील. करावं का?

तिसरी_घंटा

नक्कल अजिबात करू नका. टाळ्या मिळतील, पण त्या प्रभावळकरांना. तुमचं पात्र विंगेतच राहील.

हौशी रंगभूमीवर वीस वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो. प्रभावळकरांनी स्वतःचीसुद्धा नक्कल केली नाही. चिमणराव सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर आले, तेव्हा ते तिशीत होते, औषध कंपनीत नोकरी करत होते. एका मालिकेने अख्खा महाराष्ट्र ओळखायला लागला. दुसरा कुणी असता तर पुढची पंधरा वर्षं तेच धोतर आणि तीच टोपी घालून उदघाटनं करत फिरला असता. यांनी काय काय केलं बघा. 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण आधीच झाली होती. मग 'चौकट राजा'. मग 'झपाटलेला'तला तात्या विंचू, ज्याला घाबरून माझा मुलगा आठवडाभर बाहुल्यांच्या कपाटाकडे गेला नव्हता. 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी, ज्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि 'हसवाफसवी'त तर एकाच नाटकात सहा माणसं.

तुमच्या कामाचं इथून पुढे. त्या सहांपैकी कृष्णराव हेरंबकर हा थकलेला गायक नट. तोही म्हाताराच, आबाही म्हातारेच, नटही तोच. पण हेरंबकरांना टिपऱ्यांच्या घरातल्या खुर्चीत बसवून बघा, दोन मिनिटं बसणार नाहीत. कारण 'म्हातारा' असं पात्रच नसतं. एक रंगभूमीवरून उतरलेला माणूस आहे, दुसरा भरल्या घरात अडगळ होऊ न देता राहणारा. तुमचे आजोबा आधी कोण होते? पोस्टात होते? मास्तर होते? वहिनींना विचारा. त्यांनी लिहिलं नसेल तर तुम्ही ठरवा.

जुनी_चाळ

आमच्या चरईच्या चाळीत एकच टीव्ही होता, कृष्णधवल. चिमणराव लागायचे तेव्हा जागा धरायला आम्ही पोरं तासभर आधी जाऊन बसायचो. मागच्यांना दिसावं म्हणून पुढच्यांनी मान खाली घालायची, असा तिथला कायदा होता.

माझा मुद्दा वेगळा आहे. चिमणराव एवढे किडकिडीत आणि बावळट का वाटायचे? शेजारी गुंड्याभाऊ उभे असायचे म्हणून. बाळ कर्व्यांचा तो आडदांड गुंड्याभाऊ नुसता बाजूला आला तरी चिमणरावांचं अर्धं काम होऊन जायचं. (बाळ कर्वे २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले. त्या दिवशी आमच्या चाळीच्या ग्रुपवर कधी नव्हे ते सगळे बोलले.) टिपऱ्यांकडेही तेच. राजन भिसे, शुभांगी गोखले सकाळच्या घाईत, विकास कदमचा शिऱ्या एका जागी न ठरणारा, रेश्मा नाईकची शलाका तिच्या नादात. सगळं घर पळतंय आणि मध्ये आबा.

तेव्हा तुम्ही वाकण्यापेक्षा तुमच्या नातवाला सांगा की जोरात हल. तो खोलीत तीन चकरा मारेल तेवढ्यात तुम्ही एक चष्मा पुसा. झालात म्हातारे.

पाचपाखाडीकर

@जुनी_चाळ, हे भारी आहे. नातू झालेला मुलगा दहावीचा आहे, हलायला सांगावं लागत नाही. उलट त्याला थांबवण्यात दिग्दर्शिकेची शक्ती जाते. आता मोकळा सोडायला सांगतो.

@तिसरी_घंटा, वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजोबा म्हणजे आजोबा, त्यांचं काय असतं?" मग मीच ठरवलं, रेल्वेत बुकिंग क्लार्क. सुट्टे पैसे मोजूनच देणार.

नेरूळची_सून

मला नाटकातलं कळत नाही, पण घरात सासरे ८८ वर्षांचे आहेत, म्हणून बोलते. म्हातारी माणसं म्हातारपण दाखवत नाहीत हो, लपवतात. आमचे सासरे जिना चढताना मध्ये थांबतात आणि भिंतीवरच्या मीटरकडे बघत म्हणतात, "रीडिंगवाला आला नाही वाटतं या महिन्यात." दम लागलाय, पण बघतायत मीटर. दर मजल्यावर मीटर नाहीत, मग दुसऱ्या मजल्यावर कुणाची तरी नेमप्लेट वाचतात. तुमच्याकडे घरात कुणी आहे का वयस्कर? दोन दिवस नुसतं बघत बसा.

तिसरी_घंटा

+१०० सुनबाई. हे शिकवायला शिबिरवाले पैसे घेतात.

पाचपाखाडीकर, आणखी एक. आबा मालिकेत रोजनिशी लिहितात, आठवतंय ना? ते पात्र आलंच तिथून. प्रभावळकरांनी आधी 'अनुदिनी' हे सदर लिहिलं, त्यातून केदार शिंदेंनी मालिका उभी केली. म्हणजे कॅमेऱ्यासमोर जायच्या आधी हा माणूस आबांच्या नजरेने कागदावर जगून आला होता. तुम्हाला पकडता येत नाही ते तिथे दडलंय. रोज रात्री तुमच्या बुकिंग क्लार्कची दहा ओळींची रोजनिशी लिहा. नाटिकेत न येणाऱ्या गोष्टी लिहा. कुणाला दाखवू नका.

आणि हशा आला की थांबा. पूर्ण शांतता होईपर्यंत नाही, ओसरायला लागला की पुढचं वाक्य. नवखे लोक हशावर बोलतात आणि पुढचा विनोद स्वतःच मारतात.

जाता जाता: आयते पांढरे केस आहेत ना, मग वरून पावडर फासू नका. भाद्रपदात मांडवात घाम येतो आणि आजोबांच्या कपाळावरून पांढरे ओघळ येतात. पाहिलंय.

पाचपाखाडीकर

सहा दिवसांनी अपडेट देतोय, उशिराबद्दल माफी.

आई ८४ ची आहे, आमच्याकडेच असते. म्हणजे बघायला बाहेर जायची गरजच नव्हती आणि मी मोबाइलवर टिपरे शोधत बसलो होतो. ती खुर्चीतून कशी उठते ते चार दिवस बघितलं. आधी पेपराची घडी घालते. पाय खुर्चीखाली मागे घेते. मग उठायला जाते, आणि पहिल्या वेळी उठता येत नाही. पण ती "उठता आलं नाही" असं दिसूच देत नाही. लगेच पदर सारखा करते, जणू त्यासाठीच पुढे वाकली होती. मग "चला" म्हणते आणि दुसऱ्या वेळी उठते. गुडघ्याला हात नाही, हुंकार नाही, काही नाही. इतकी वर्षं समोर आहे आणि मला वाटायचं आईला पदराची सवयच आहे.

हेच तालमीत केलं, पदराऐवजी सदऱ्याचं बटण. दिग्दर्शिका काहीच बोलली नाही, फक्त म्हणाली, "काका, परत." थरथरता हात तिने कायमचा रद्द केला. रोजनिशीही लिहितोय. काल बुकिंग क्लार्कने लिहिलं की रिटायर होताना दिलेलं घड्याळ पाच मिनिटं पुढे जातं आणि तो ते मुद्दाम दुरुस्त करत नाही. हे नाटिकेत कुठेच नाही, पण आता मी स्टेजवर घड्याळात बघतो तेव्हा वहिनी हसतात, का ते त्यांनाही सांगता येत नाही.

रात्री घरी सराव करत होतो. आई सोफ्यावरून बघत होती. दोनदा बघितलं आणि आतून बाम आणून हातात दिला. "कंबर धरलीय तर सांगत का नाहीस?"

आता एकच अडचण उरलीय. कॉलर माइक सदऱ्याला घासून खरखर येते आणि बटणाच्या जागी तर फारच. कुणाला उपाय माहीत आहे?

जुनी_चाळ

माइक आतून बनियनला लावा आणि वायर मेडिकलच्या चिकटपट्टीने छातीला. पट्टी काढताना ओरडायचं नाही. आणि पाचव्या दिवशी मी येतोय, चरईहून चालत. प्रसाद ठेवा.