पेनड्राइव्ह ओळखला जातो, जीपीएसचा कन्व्हर्टर नाही: एम्बेडेड बोर्डावरील यूएसबी होस्ट ड्रायव्हरविषयी प्रश्न

मिऱ्याबंदर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील काही ट्रॉलरमालकांसाठी आम्ही एक नोंदपेटी तयार करत आहोत. जीपीएसकडून नौकेचे स्थान व वेग घ्यायचा, मासळीच्या बर्फाच्या खणातील तापमान नोंदवायचे आणि बंदरात परतल्यावर सर्व नोंदी पेनड्राइव्हवर उतरवून द्यायच्या, एवढेच तिचे काम आहे. बोर्डावर एसएएमए५डी३ मालिकेतील प्रोसेसर आहे, त्यावर लिनक्स ६.१ चालते आणि फाइल सिस्टीम बिल्डरूट या साधनाने तयार केली आहे. कर्नेलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) कॉन्फिगरेशन एका जुन्या प्रकल्पातून आमच्याकडे आले असून आकार लहान राहावा म्हणून ते बरेच छाटलेले आहे.

पेनड्राइव्ह लावताच लॉगमध्ये ‘न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ अशी ओळ येते आणि पुढचे सर्व सुरळीत होते. जीपीएस मात्र आरएस-२३२ या सीरियल जोडणीवर एनएमईए ०१८३ या सागरी उपकरणांच्या मानकाची वाक्ये पाठवतो आणि त्यासाठी वापरलेला सीएच३४० चिपचा यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर त्याच पोर्टला लावला असता लॉगमध्ये काहीही उमटत नाही. त्रुटीचा संदेशसुद्धा येत नाही. हा कन्व्हर्टर लॅपटॉपवर चालतो, त्याचा ड्रायव्हर आमच्या कर्नेलमध्ये आहे आणि पोर्टवर ५ व्होल्ट मिळत असल्याचे आम्ही मल्टिमीटरने तपासले आहे. कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की, मध्ये चार पोर्टांचा साधा हब लावला की तोच कन्व्हर्टर तत्काळ हजर होतो आणि वाक्ये येऊ लागतात. माऊसचीही हीच कथा आहे.

हा प्रोसेसरच्या फिजिकल लेयरमधील (तारांवर संकेत पाठवणाऱ्या सर्किटमधील) दोष समजावा की ड्रायव्हरचा? पेटीत कायमचा हब बसवून मोकळे व्हावे का? मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि नौका समुद्रात जाण्यापूर्वी पेट्या बसवून द्यायच्या आहेत.

खाडीपट्टा

आपण दिलेली लक्षणे इतकी नेमकी आहेत की हार्डवेअरवर संशय घेण्याचे कारण दिसत नाही. आपल्या कर्नेलमध्ये ईएचसीआयचा (हाय-स्पीड यूएसबी कंट्रोलरचा) ड्रायव्हर आहे, पण ओएचसीआयचा (कमी गतींच्या कंट्रोलरचा) नसावा किंवा असूनही डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावरील हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये, त्याचा नोड बंद असावा.

ईएचसीआय कंट्रोलर त्याच्या पोर्टला थेट जोडलेल्या उपकरणाशी फक्त ४८० मेगाबिट गतीने, म्हणजे हाय-स्पीडनेच, बोलतो. सीएच३४० हे १२ मेगाबिटचे फुल-स्पीड उपकरण आहे आणि बहुतेक माऊस १.५ मेगाबिटचे लो-स्पीड असतात. या दोन्हींसाठी आपल्या प्रोसेसरमध्ये त्याच पोर्टांमागे दुसरा कंट्रोलर आहे, तो ओएचसीआय. ईएचसीआयच्या मानकात त्याला कंपॅनियन कंट्रोलर म्हणतात.

उपकरण लावल्यावर काय घडते ते पाहिले म्हणजे लॉग कोरा का राहतो हे कळेल. हाय-स्पीड उपकरणसुद्धा सुरुवातीला यूएसबीच्या दोन डेटा तारांपैकी डी-प्लस तार वर खेचून फुल-स्पीड असल्यासारखेच दिसते आणि आपली खरी गती ते पोर्ट रीसेट होत असताना चर्प नावाच्या संकेताने कळवते. रीसेट संपल्यावरही पोर्ट सक्षम झाला नाही, तर उपकरण फुल-स्पीडचे आहे असा निष्कर्ष काढून ईएचसीआयचा ड्रायव्हर त्या पोर्टच्या रजिस्टरमधील मालकीचा बिट बदलतो आणि पोर्ट कंपॅनियनच्या हवाली करतो. लो-स्पीड उपकरणाच्या बाबतीत तर रीसेटचीही वाट पाहावी लागत नाही, कारण तारांची स्थिती आधीच वेगळी असते. हे हस्तांतर ड्रायव्हरच्या दृष्टीने नित्याचे काम असल्यामुळे तो त्याला त्रुटी मानत नाही आणि त्याविषयीची ओळ फक्त डीबग पातळीवर छापतो. पलीकडे ओएचसीआयचा ड्रायव्हरच नसेल, तर पोर्ट घ्यायला कोणी उभे नसते. उपकरण काढले की पोर्टची मालकी ईएचसीआयकडे परत जाते, म्हणूनच त्याच पोर्टवर पेनड्राइव्ह पुन्हा निर्वेध चालतो.

हबमुळे काम का होते, याचेही उत्तर यातच आहे. यूएसबी २.० चा हब स्वतः हाय-स्पीड असतो आणि त्याच्या आत ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर असतो. ईएचसीआय हबशी ४८० मेगाबिटनेच बोलतो आणि १२ मेगाबिटच्या उपकरणाशी बोलण्याचे काम हब अंगावर घेतो. आपल्याकडे जुना यूएसबी १.१ चा हब असता, तर तोही असाच गडप झाला असता.

खात्री करण्यासाठी एलएसयूएसबी ही आज्ञा टी पर्यायासह चालवा. ४८० मेगाबिटचा एकच रूट हब (कंट्रोलरचा स्वतःचा हब) दिसला आणि १२ मेगाबिटचा दिसला नाही, तर निदान पक्के. मग ओएचसीआय आणि त्याचा आपल्या प्रोसेसर मालिकेसाठीचा भाग, असे दोन्ही पर्याय कॉन्फिगरेशनमध्ये सुरू करा, डिव्हाइस ट्रीमधील नोडची स्थिती ‘ओके’ करा आणि त्याच नोडमध्ये पोर्टांची संख्या भरा. ओएचसीआयला ४८ मेगाहर्ट्झचे घड्याळ लागते. ते नोडमध्ये जोडलेले नसेल किंवा त्याची वारंवारता चुकीची असेल, तर ड्रायव्हर असूनही उपकरणे नीट ओळखली जाणार नाहीत.

हर्णेकर

वरील स्पष्टीकरण बरोबर आहे, पण हातातले काम चालत असताना कर्नेल पुन्हा बांधण्याची एवढी घाई कशाला, असे मला वाटते. हबचे चाळीस-पन्नास नग सहज मिळतात, जीपीएसची गती ४८०० बॉड आहे, एआयएसचा (इतर नौकांची ओळख व स्थान कळवणाऱ्या यंत्रणेचा) रिसीव्हर पुढे जोडला तरी तो ३८४०० बॉडच्या पुढे जात नाही, आणि एवढ्या माहितीसाठी हबमधला ट्रान्सलेटर पुरून उरतो. हंगाम तोंडावर असताना तांडेलाला पेटी चालल्याशी मतलब असतो, ती कोणत्या कंट्रोलरवर चालते याच्याशी नाही.

सर्किट_मालवण

हर्णेकर यांच्याशी मी बँडविड्थच्या मुद्द्यावर सहमत आहे, बाकी नाही. नौकेवर हबचा खरा प्रश्न गतीचा नसतो.

हाय-स्पीडचा विभेदी (दोन तारांतील व्होल्टेजच्या फरकाने जाणारा) संकेत सुमारे ४०० मिलिव्होल्टचा असतो, तर फुल-स्पीडचा ३.३ व्होल्टचा. म्हणजे हब मध्ये घालून आपण बोर्डापासून हबपर्यंतची जोडणी दोहोंतील नाजूक प्रकाराची करतो, आणि तीही स्टार्टर व अल्टरनेटर जेथून हाताच्या अंतरावर असतात अशा केबिनमध्ये. इंजिन सुरू करताना लॉगमध्ये ‘डिसेबल्ड बाय हब (ईएमआय?), री-एनेबलिंग’ अशी ओळ दिसू लागली, तर समजा की विद्युत गोंगाटाने पोर्ट बंद पाडला. हबच्या वरचा दुवा पडला की त्यामागची सर्व उपकरणे एकदम जातात. कन्व्हर्टर थेट ओएचसीआयवर असेल, तर निदान पेनड्राइव्हचा पोर्ट त्याच्याबरोबर ओढला जात नाही.

दुसरे असे की, बसवरच वीज घेणारा हब प्रत्येक पोर्टला १०० मिलिअँपियरच देऊ करतो. जीपीएससाठी ते चालून जाईल, पण काही पेनड्राइव्ह आपली गरज ३०० मिलिअँपियर असल्याचे सांगतात आणि लिनक्स अशा वेळी वीज अपुरी असल्याचे नोंदवून उपकरण वापरासाठी सिद्ध करायला नकार देऊ शकते. शिवाय हब म्हणजे आणखी चार-पाच उघडे सॉकेट. येथील खाऱ्या हवेत त्यांच्या पत्र्यांवर एका पावसाळ्यात हिरवट थर धरतो, हे किनाऱ्यावर काम करणाऱ्याला सांगायला नको. सॉकेट जितके कमी तितके बरे, आणि जे राहतील त्यांना झाकण हवे.

मिऱ्याबंदर

आपणा सर्वांचे आभार. खाडीपट्टा यांनी सुचवल्याप्रमाणे पाहिले असता फक्त ४८० मेगाबिटचा रूट हब दिसला. कॉन्फिगरेशनमध्ये ओएचसीआयचा पर्याय बंद होता आणि डिव्हाइस ट्रीमधील नोडही बंद होता. दोन्ही सुरू केल्यावर १२ मेगाबिटचा दुसरा रूट हब आला, कन्व्हर्टर त्याखाली थेट दिसू लागला आणि माऊसही चालला.

जेट्टीला बांधलेल्या एका ट्रॉलरवर हबसह आणि हबशिवाय अशी दोन्ही प्रकारे चाचणी घेतली. हब असताना इंजिन सुरू करतेवेळी सर्किट यांनी सांगितलेली ओळ खरोखरच आली आणि कन्व्हर्टर नाहीसा होऊन पुन्हा आला, परंतु आमचा प्रोग्राम टीटीवाययूएसबी० हे उपकरणाचे जुने नाव धरून बसल्यामुळे कन्व्हर्टरला नवे नाव टीटीवाययूएसबी१ मिळाले आणि नोंदी थांबल्या. थेट जोडणीत ती ओळ अद्याप दिसलेली नाही. तरीही नावाचा प्रश्न उरतोच. सीरियल फोल्डरमधील ‘बाय-आयडी’ची (उपकरणाच्या ओळखीवरून बनलेली) नावे वापरावीत का?

खाडीपट्टा

सीएच३४० मध्ये बहुधा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे तापमानासाठी तसाच दुसरा कन्व्हर्टर जोडलात तर ‘बाय-आयडी’मध्ये दोघांची नावे एकच होतील. त्याऐवजी ‘बाय-पाथ’ (जोडणीच्या जागेवरून बनलेली नावे) वापरा आणि पेटीच्या पाठीवर कोणत्या सॉकेटला काय जोडायचे ते रंगवून ठेवा, म्हणजे खलाशांचाही गोंधळ होणार नाही. एक लक्षात असू द्या: बाय-पाथच्या नावात कंट्रोलरचा पत्ता असतो. हबमागे असताना तो ईएचसीआयचा होता, आता ओएचसीआयचा आहे, म्हणून हबसह चाचणी करताना लिहिलेला यूडेव्हचा (उपकरणांना नावे देणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेचा) नियम आता लागू पडणार नाही. प्रोग्रामने वाचनात त्रुटी येताच फाइल बंद करून पुन्हा उघडणे हेही आवश्यक आहे, कारण थेट जोडणीतही व्होल्टेज बसले तर उपकरण जाऊन येणारच.

पुढची आवृत्ती दुसऱ्या प्रोसेसरवर करणार असाल, तर कंपॅनियन लागतोच हा नियम तसाच तिकडे नेऊ नका. आयएमएक्स६ प्रोसेसरमधील चिपआयडिया कंट्रोलर ईएचसीआयसारखाच असला तरी त्याच्या रूट हबमध्येच ट्रान्सलेटर आहे, त्यामुळे त्याला कंपॅनियन लागत नाही. एक्सएचसीआय कंट्रोलर सर्व गतींची उपकरणे स्वतःच सांभाळतो, आणि डीडब्ल्यूसी२ व एमयूएसबी हे कंट्रोलरही थेट लावलेल्या फुल-स्पीड व लो-स्पीड उपकरणांशी स्वतःच बोलतात. डीडब्ल्यूसी२ च्या बाबतीत मात्र वेळापत्रकाचा बराच भार ड्रायव्हरवर पडतो. हबमागे फुल-स्पीड उपकरण असेल, तर स्प्लिट व्यवहारांसाठी (हबच्या ट्रान्सलेटरमार्फत होणाऱ्या देवाणघेवाणीसाठी) दर १२५ मायक्रोसेकंदांच्या मायक्रोफ्रेमला, म्हणजे सेकंदाला ८००० पर्यंत इंटरप्ट येऊ शकतात, आणि लहान प्रोसेसरावर ते सीपीयूच्या वापरात चांगलेच दिसून येते.

हर्णेकर

४०० मिलिव्होल्टचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. थेट जोडणीच करा. फक्त जीपीएस केबिनच्या छपरावर असेल, तर लांब वायर आरएस-२३२ च्या बाजूला ठेवा आणि यूएसबीची बाजू पेटीपाशी आखूड ठेवा. फुल-स्पीडची केबल ५ मीटरपलीकडे नेता येत नाही, आणि आरएस-२३२ ला ४८०० बॉडवर तेवढे अंतर काहीच नाही.